तिवराचं मूळ, वालाचं मूळ

डोलवीच्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आता एम.एस्सी.चा प्रकल्प: खाऱ्या चिखलात आणि गोड्या मातीत मुळांवरचे बारीक केस कसे बदलतात? सोमवारी सरांना नमुने दाखवले नाहीत, तर विषय सोडावा लागणार होता. म्हणून रविवारी पहाटेच निघाले.

रात्रपाळी करून आलेले बाबा ओहोटीला खाडीवर सोबत आले. धुक्यात तिवराची, म्हणजे खारफुटीची, झाडं अधांतरी वाटत होती. काठावर उघडं पडलेलं बारीक मूळ ओढलं, धुतलं, भिंगातून पाहिलं. गुळगुळीत! वहीत लिहिलं, ‘तिवर: केस नाहीत.’

पेण स्टँडवर वडापाव खाऊन महाडची एसटी पकडली. हायवेवर धूळ फार, रुमाल ठेवाच. नागोठण्याला अंबा नदी इतकी शांत, की पावसाळ्यातली तीच का, असं वाटावं.

खांब गावात मावशीचं शेत. भात कापल्यावर नुसत्या ओलीवर पेरलेला वाल फुलला होता. मावशीला मुळावरच्या केसांचं सांगत मी एक झाड उपटलं, धुतलं. हेही मूळ गुळगुळीत! माझा प्रकल्पच संपला.

“फुलावरचं झाड घालवलंस गो!” मावशी ओरडली. “वांग्याचं रोप तरी असं कोण उपटतो? आता तुझे केस तुटून बसले मातीत.”

तिने कुदळीने दुसरं झाड ढेकळासकट काढलं, पाण्याच्या घमेल्यात ठेवलं. “हात लावू नको. जेव आधी.”

भाकरी आणि वालाचं बिरडं खाईपर्यंत माती आपोआप सुटली होती. मुळावर पांढरी लव, प्रत्येक केसाला मातीचा कण बिलगलेला. पाऊस गेल्यावर हे झाड अंधारात इतक्या बोटांनी ओल चाचपत होतं!

पण मग तिवराचं मूळही मी ओढलंच होतं की. सकाळचं वाक्य खोडलं आणि वालाचं मूळ डब्यातल्या पाण्यात घेऊन मिळेल त्या एसटीने परत फिरले.

संध्याकाळच्या ओहोटीला बाबांनी चिखलासकट बारीक मूळ बादलीत भिजवलं. दोघं काठावर बसून राहिलो. चिखल हळूहळू विरघळला. मूळ गुळगुळीतच होतं. तिवराला पाण्याची वानवा नाही, त्याची सगळी धडपड मीठ बाहेर ठेवायची.

घरी येऊन वहीत लिहिलं, ‘तिवर: केस नाहीत.’

“सकाळी पन हेच लिवलेलंस ना?”

“व्हय बाबा. तेव्हा नुसतं लिहिलं होतं.”

ते हसले. मग भिंग मागून घेऊन वालाचं मूळ बघत बसले. बाहेर त्यांच्या शिफ्टची गाडी दोनदा हॉर्न देऊन गेली, तरी ते उठले नाहीत.