जखम धुणारी मशीन

ड्रेसिंग रूममध्ये किस्से आपोआप जमतात. पाय टेबलावर अडकला की माणसाचं तोंड मोकळं होतं! मी रायपूरच्या एका हॉस्पिटलात बरीच वर्षं सिस्टर आहे, पण नवी अल्ट्रासॉनिक मशीन आली तेव्हा जेवढी मजा आली तेवढी आधी कधी आली नव्हती.

पेनासारखी दांडी. तिचं टोक इतक्या वेगानं थरथरतं की डोळ्याला दिसत नाही, आणि सोबत सलाइनची धार. जखमेवरचं मेलेलं मांस, चिकट थर सुटून येतो, चांगलं मांस जागेवर राहतं. पहिल्या दिवशी आमचे सर्जन सर इतके खूश, की दिसेल त्याला दाखवत सुटले. चहा घेऊन आलेल्या कँटीनवाल्या भैयालाही सोडलं नाही. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, जली हुई कढ़ाई भी साफ होगी क्या?"

*

अभनपूरहून एक म्हातारे काका आले, टाचेला जखम. सर त्यांच्या बायकोला समजावत म्हणाले, "अम्मा, इनका अल्ट्रासाउंड से करेंगे."

अम्मांनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, नजर पोटावर थांबली. "इनका? इस उमर में?"

सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मीही बँडेज शोधायच्या निमित्तानं कपाटात डोकं घातलं.

*

सदर बाजारातले एक सराफ, पायाला जखम. आम्ही त्यांना मशीन दाखवायला गेलो तर तेच म्हणाले, "हे मले माहीत आहे. दुकानात अशीच आहे, पाण्यात दागिने टाकले की थरथरून मळ काढते."

मग आपल्या पायाकडे पाहून हसले. "इतके दिवस पायल धुतल्या. आता पाय धुवून राहिलो."

*

मेश्रामकाका रेल्वेतून रिटायर झालेले. शुगरनं पायाची जखम काळी पडलेली. दुसरीकडे सांगितलं होतं की पाय घोट्याच्या वर कापावा लागेल. काकू त्यांना आमच्याकडे घेऊन आल्या, शेवटचा उपाय म्हणून.

मेलेलं मांस दुखत नाही. सर मशीन चालवायचे आणि काका आरामात गप्पा मारायचे. "करा डॉक्टर, मले काही होऊन नाही राहिलं." ते असं म्हणाले की सरांचा चेहरा उतरायचा. काकू उशाशी उभ्या असायच्या.

असंच तीन-चार वेळा झालं. मग एका सकाळी सर मशीन फिरवत होते, काका कुठल्याशा जुन्या स्टेशनमास्तरची गोष्ट सांगत होते, आणि मध्येच त्यांनी पाय मागे ओढला.

"अवो डॉक्टर, हळू करा ना. दुखून राहिलं."

सरांनी मशीन थांबवली. काळ्या थराखाली लालभडक मांस दिसत होतं, त्यावर रक्ताचा बारीक थेंब. 

काकू पुढं वाकल्या. काकांच्या तोंडाशी कान नेऊन म्हणाल्या, "काय म्हटलं तुम्ही? अजून एकदा म्हणा ना."