वेळेवर निघालेली वरात

अकोल्याला जावं की न जावं यावर घरी चर्चा चालू होती. तेवढ्यात राऊत सरांचा फोन आला.

"पंडित, प्लॉडवर आलो. आता येच."

मी बॅग भरायला घेतली.

याचा खुलासा करायला हवा. अकोटच्या एका शाळेत आम्ही दोघांनी शेजारच्या वर्गांत बरीच वर्षं काढली. ते इंग्रजी शिकवत, मी संस्कृत. मुलांना दोन्ही सारखंच कळे. निवृत्तीनंतर मी अमरावतीला आलो, सर अकोल्याला जुन्या शहरात राहायला गेले आणि गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांचा डावा पाय रुसला. तेव्हापासून प्रकृतीची खबर ते इंग्रजी क्रियापदांत देतात. पलंगापासून दारापर्यंत हातांवर रांगत गेले, ते क्रॉल. फरशीवर पाय घासत गेले, ते शफल. मग लंगडत हॉबल. आणि आता जड पाय रेटत, न थांबता पुढे जाणं, म्हणजे प्लॉड. मध्ये एकदा मी विचारलं होतं, "सर, सरळ वॉक म्हणू या का?"

"नाही. वॉक अजून आलं नाही. फुकटचे मार्क म्या कोणालेच देल्ले नाहीत."

आमच्या संस्कृतात संथ चालीचे शब्द हत्ती, हंस आणि शनी यांनी आपसांत वाटून घेतले आहेत. आजारी मास्तरांची सोय कोणी पाहिलेली नाही.

निमित्त होतं सरांच्या मुलीच्या, पल्लवीच्या लग्नाचं. मंगलाष्टकं माझ्याकडे होती. सरांनी स्वतःकडे एकच काम ठेवलं होतं: घरापासून हॉलपर्यंत आपल्या पायांनी जायचं आणि दारात उभं राहून व्याह्यांच्या गळ्यात हार घालायचा. रिक्षा नको, चाकाची खुर्ची नको, कोणाचा खांदा नको.

जाणाऱ्यांसाठी सूचना. अमरावतीहून अकोल्याला एसटी भरपूर आहेत. निघण्यापूर्वी दह्यात भिजलेला गिला वडा खायचा असेल तर एकच खावा, दुसरा बडनेऱ्याच्या पुढे बोलायला लागतो. महामार्ग चांगला आहे. मूर्तिजापूरला चहा मिळतो, गरम असतो, याहून अधिक दावा मी करणार नाही. अकोला जवळ आलं की मात्र गाडीचा वेग आणि प्रवाशांचा आवाज यांची अदलाबदल होते.

"काहो कंडक्टर, उतरून ढकलू काय?" पुढच्या बाकावरच्या मावशींनी विचारलं.

"ढकल ना मावशे. तिकिटाचे पैसे वापस नाही भेटत पण."

ही चाल मी सरांसाठी लक्षात ठेवली. (त्यांनी नंतर निकाल दिला: इंच. जिथं माणूस तसूतसूनं पुढे सरकतो आणि त्यातही समाधान मानतो.)

स्टँडवरून शेअर रिक्षा मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात सोडते. गल्ली अरुंद असल्यामुळे शेवटचा टप्पा पायीच. सरांच्या अंगणात झेंडूचा ढीग पडला होता. सरांचे धाकटे भाऊ भास्करराव यांचा बाळापूरकडे फुलांचा मळा आहे, त्यामुळे घरातला जो दिसेल तो हार ओवत होता. मला बसायला सांगायच्या आधी सुई दिली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी बेत समजावला. मुहूर्त गोरज. वरात मारुतीच्या देवळापासून निघणार. तिथून हॉल चालत दहा मिनिटं.

"पण वरातीले किती लागतात, भास्कर?"

"दोन तास. नाचणारे कमी असले त दीड."

"झालं. बँड वाजला का आपण घरून निघू. वरात येईपर्यंत पोचतो."

"आधीच जाऊन बसलात तर?" मी म्हणालो.

"मंग दारात बसलेला दिसीन. जो येईन तो तब्येत विचारीन. मले उभं दिसायचं हाय."

बेतात खोट नव्हती. वऱ्हाडातली वरात वेळेवर आल्याचं कोणाच्याच आठवणीत नव्हतं. नवरदेव पुण्याचा आहे, ही गोष्ट आम्ही फक्त जेवणाच्या संदर्भात विचारात घेतली होती.

बँड वाजला. सर चार पायांची काठी टेकत निघाले. पाणीपुरीच्या गाडीशी थांबून त्यांनी श्वास घेतला. अजून अर्धी वाट बाकी होती, तेवढ्यात भास्करराव धावत आले.

"दादा, घोटाळा झाला! वरात चालून राहिली!"

"चालूनच राहीन ना."

"तसं नाही! सरळ चालून राहिली! कोणीच नाचत नाही!"

सरांचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "जाऊन सांगतो, पाच मिनिटं थांबा म्हणून."

"काही सांगू नको. माझ्यासाठी थांबले असं व्हाले नको." त्यांनी मला नीट न्याहाळलं. "नाच."

माझं वय, वजन आणि सोवळ्याचा वेष पाहता ही सूचना विचारपूर्वक केलेली नव्हती. पण मी गेलो. घोड्यापुढे उभं राहून दोन्ही हात वर केले.

"गुरुजी, कोणतं वाजवू?" बँडमास्तरनं विचारलं.

"जे लवकर संपत नाही ते."

नवरदेवाचे वडील, कुलकर्णी, घड्याळ बघत पुढे आले. "गुरुजी, मंगलाष्टकं आपणच म्हणणार ना?"

"हो. त्याआधी हे असतं."

"किती वेळ?"

"गुरुजींचे पाय दुखेपर्यंत," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. शास्त्राचा मान राखणारी मंडळी. त्यांच्यातल्या दोन काकू आल्या, मग भास्कररावांनी गल्लीतली बायाबापडी आत ढकलली, आणि वरात अखेर वऱ्हाडी झाली. मी तिथून हॉलपर्यंत उलटा नाचत गेलो. घोड्याच्या डोळ्यांत मला सहानुभूती दिसली.

हॉलच्या दारात सर उभे होते. घामानं निथळत, हातात झेंडूचा हार, काठी मागे भास्कररावांकडे. कुलकर्णींनी मान खाली केली, सरांनी हार घातला. मग मांडवापर्यंत दोघं बरोबर गेले. कुलकर्णी मघाशी ज्या वेगानं येत होते, त्याच्या पाव वेगानं.

मंगलाष्टकं मी धापा टाकत म्हटली. पंगतीत वांग्याची भाजी, वरण, बुंदी. वांग्याचा झणका पुण्याच्या मंडळींनी मठ्ठ्याच्या आधारानं सोसला. कुलकर्णी माझ्या शेजारी होते.

"गुरुजी, सांगितलं असतं तर मीही नाचलो असतो," ते पानाकडे पाहत म्हणाले.

परतीच्या एसटीतून अमरावतीला उतरताना मी दांडा धरून एकेक पायरी उतरलो. घरी बायकोनं चालणं पाहिलं आणि तेलाची बाटली काढली. तीर्थयात्रेहून लोक प्रसाद आणतात. मी गुडघे आणले.

रात्री सरांचा फोन आला. मी विचारलं, "सर, काल दारापर्यंत जे गेलात, ते कोणतं?"

पलीकडे काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"वॉक," ते म्हणाले. "काठावर पास. अन् तू कसा हायेस?"

"हॉबल."

"बरं. घाई करू नको," ते म्हणाले. "पुढचं प्लॉड हाय."