पंखाच्या आतली बाजू

लिफ्टवाले घरी विमान बांधतायत, ही बातमी गल्लीत पसरली तेव्हा आधी कोणी विश्वासच ठेवला नाही. आणि ठेवला तेव्हा लोक पडदेवाल्या काकूंकडे असे बघायला लागले, जसं घरात आजारी माणूस असलेल्या बाईकडे बघतात. "आता कसं आहे?" असं आवाज खाली करून विचारायचे. काकू शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगायच्या, "शेपूट झालं. आता पंख घेतलेत."

लिफ्टवाले म्हणजे काकूंचे यजमान. उभं आयुष्य त्यांनी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. आता लिफ्ट म्हटलं की आपल्याला वर जाणं आठवतं, पण दुरुस्ती करणाऱ्याची जागा असते तळाच्या खड्ड्यात. तिथे ग्रीस, अंधार आणि कोणाच्या तरी खिशातून पडलेल्या किल्ल्या. सगळ्या गावाला वर पोचवणारा माणूस दिवसभर खड्ड्यात उभा. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकून घेतलं, परवाना मिळवला, आणि मग जाहीर केलं की दुसऱ्याचं विमान भाड्याने घेण्यात मजा नाही, आपण आपलं बांधू. दोन माणसांचं, पत्र्याचं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी काकूंना विचारलं होतं.

"ठीक आहे," काकू म्हणाल्या होत्या. झालं. पुढच्याच महिन्यात गाडी गॅरेजमधून रस्त्यावर आली आणि गॅरेजमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या पेट्या गेल्या. गाडीवर कबुतरं बसायला लागली, ती आजतागायत बसतात.

पत्र्याचं विमान म्हणजे काय, हे ज्यांनी बांधलं नाही त्यांना वाटतं की त्यात इंजिन हेच काय ते अवघड. तसं नाही. इंजिन तयार मिळतं. अवघड असतात ते रिव्हेट. बोटाच्या पेरापेक्षा लहान, खिळ्यासारखे, हजारोंनी. पंखाच्या आतल्या फासळ्यांवर पत्रा बसवायचा, भोकं जुळवायची, रिव्हेट घालायचा, बाहेरून हवेच्या बंदुकीने त्याच्या डोक्यावर ठोके द्यायचे आणि त्याच वेळी आतून कोणीतरी त्याच्या शेपटाला पोलादी ठोकळा दाबून धरायचा. शेपूट चेपून बटणासारखं झालं की पत्रा आणि फासळी जन्माचे एकत्र. म्हणजे काम दोघांचं. बाहेरच्याला फक्त डोकं दिसतं, आणि डोकं नेहमीच छान दिसतं. खरं काय झालंय ते आतल्यालाच कळतं.

आधी लिफ्टवाल्यांनी एका जुन्या सहकाऱ्याला आत बसवलं. दुसऱ्या दिवशी त्याची पाठ धरली आणि तिसऱ्या दिवशी त्याने फोन उचलणं सोडलं. तेवढ्यात काकू "जेवायला चला" म्हणायला गॅरेजमध्ये आल्या.

"जरा हा ठोकळा धर."

ते 'जरा' चार वर्षं टिकलं.

काकूंचा हात लांब आणि बारीक. पडद्यांच्या दांड्या, उंच खिडक्या, कपाटामागचे कोपरे यांत आयुष्य गेलेला. फासळीच्या गोल भोकातून तो खांद्यापर्यंत आत जायचा. दुसऱ्या हातात छोटा आरसा. तोही कधीकधी नको असायचा, बोट फिरवलं की त्यांना कळायचं. बटण गोल बसलंय, की कललंय, की जास्त चेपलंय. आणि खरं सांगायचं तर काकूंना ते काम आवडायला लागलं. तोंडाने कोणाला कबूल केलं नाही ती गोष्ट वेगळी. पण दुपारी पडद्याच्या चुण्या घालताघालता त्यांचे कान गॅरेजकडे लागलेले असायचे, आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की त्या हाक यायची वाटही न बघता उठायच्या.

कामाची भाषाही ठरून गेली होती. ठरवली कोणी नव्हती.

"तयार?"

"तयार."

ट्र्र्र.

"कसा?"

"चांगला." पुढचा. "चांगला." पुढचा. "काढा." मग डोकं ड्रिलने उडवायचं, रिव्हेट ठोकून काढायचा, नवा घालायचा. "चांगला." "ठीक." "ठीक." "चांगला."

अशी वरची बाजू झाली. दुसऱ्या पंखाचीही झाली. विमान खात्याचा तपासनीस येऊन आतली बाजू बघणार आणि मग खालचे पत्रे बसवून पंख कायमचे बंद होणार, असा दिवस ठरला. लिफ्टवाल्यांच्या अंगात वारं शिरलं. दर वर्षी डॉक्टर त्यांना उडायला परवानगी देत, पण दर वर्षी छातीला नळी लावून थोडा जास्त वेळ ऐकत. यंदा तर इतका वेळ ऐकलं की लिफ्टवाल्यांनी विचारलं, "काही गाणं लागलंय का आत?" घरी आल्यावर हा विनोद त्यांनी काकूंना दोनदा सांगितला. दोनदा सांगितला म्हणजे त्यांना भीती वाटत होती, हे काकूंनी ओळखलं. वर्षभरात विमान उडालं तर उडालं.

आणि त्याच आठवड्यात सकाळी ते परगावी असलेल्या मुलीशी फोनवर बोलत होते. काकू शेजारच्या खोलीत कोणाच्या तरी दिवाणखान्याचे पडदे टाचत होत्या.

"अगं, एकही रिव्हेट वाईट नाही!" लिफ्टवाले फोनवर ओरडूनच बोलतात, जणू मुलगी दहाव्या मजल्यावर आणि हे खड्ड्यात. "तुझ्या आईनं स्वतः बघितलेत. प्रत्येकाला एकतर चांगला म्हणालीय, नाहीतर ठीक. प्रत्येकाला!"

काकूंची सुई थांबली.

आता इथे पडद्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. काकू बहिणीबरोबर शिवणकाम शिकल्या, आणि दोघींचे तीन शेरे होते. 'चांगलं' म्हणजे कोणालाही दाखवा. 'काढा' म्हणजे उसवा. आणि 'ठीक' म्हणजे वेळ नाही, चालवून घेऊ, ही बाजू कपाटाच्या मागे येईल अशी लावू. काकूंच्या तोंडात 'ठीक' म्हणजे ठीक कधीच नव्हतं. आणि लिफ्टवाल्यांच्या धंद्यात? तिथे लिफ्ट एकतर ठीक असते, नाहीतर बंद असते. मधलं काही नाही.

काकूंना वाटलेलं की ठीक म्हटलेले रिव्हेट हे लक्षात ठेवतायत. शेवटी एकदा सगळे परत बघतील. यांना वाटलेलं की बायको पास करतेय. तीन दशकं एका घरात राहिलेली ही माणसं, आणि एका शब्दावर असा घोळ! पण खरं सांगा, असा घोळ तीन दशकं एका घरात राहिल्याशिवाय होतो का? नवख्या माणसाने लगेच विचारलं असतं, "ठीक म्हणजे काय हो?"

जेवणापर्यंत काकू पडदे टाचत राहिल्या. गप्प बसणं सोपं होतं. इतक्या हजारांत काही थोडे कललेले, त्यांनी काय होणार? तपासनिसाचा आरसा कदाचित त्या कोपऱ्यात पोचणारही नाही. आणि सांगितलं तर? पत्रा उसवायचा, भोकं मोठी होणार, एखादी फासळी बाद होणार, वर्ष हातचं जाणार. आणि ती डॉक्टरांची नळी. त्यांनी ताटावरून नवऱ्याकडे पाहिलं. ते मिठाची डबी विमानासारखी तिरकी करून स्वतःशीच वळण घेत होते. आणि मग काकूंच्या मनात आलं की त्या पंखाखाली हाच माणूस लटकणार आहे.

"अहो, गॅरेजमध्ये चला."

गॅरेजमध्ये काकूंनी कमरेला खोचलेला शिंपीकामाचा खडू काढला आणि आत डोकावत, बोटाने चाचपत, बाहेरच्या बाजूने पत्र्यावर एकेका डोक्याभोवती गोल काढायला सुरुवात केली. एक. त्याच्या शेजारी दुसरा. मग कोपऱ्यातला एक सबंध तुकडा.

"हे काय?"

"हे ठीक आहेत."

"मग खूण कशाला करतेस?"

"अहो, ठीक आहेत म्हणून! चांगले नाहीत. ठीक आहेत."

लिफ्टवाले बघत राहिले. मग त्यांना समजलं, आणि समजल्यावर आवाज चढला. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले की! ठीक म्हणाले!"

"ठीक म्हणजे ठीक!"

"तुमच्यात! माझ्यात नाही!" काकूंचा आवाज आपोआप वर गेला. इतक्या वर्षांत तो इतका वर गेला नव्हता, आणि शेजारच्या निवृत्त मास्तरांनी खिडकी उघडल्याचा आवाज आला. "तुम्ही विचारता, 'काय वाटतं?' मी म्हणते, ठीक आहे. तुम्ही चालायला लागता! एकदा तरी मागे वळून बघितलंत, मी येतेय का ते? मोठ्या रस्त्यावरचं माझं दुकान बंद करून घरात मशीन आणायचं ठरवलंत, तेव्हाही विचारलंत. मी काय म्हणाले होते?"

लिफ्टवाल्यांनी आठवून पाहिलं. ते पत्र्यांच्या पेटीवर बसले.

"ठीक."

"हं."

मग ते म्हणाले, "ते दुकान तुला हवं होतं."

"खूप हवं होतं." काकूंना एकदम रडू आलं. एवढ्या वर्षांनी ते वाक्य बाहेर पडलं, आणि तेही पत्र्याच्या पंखासमोर. "काचेची खिडकी होती त्याला. मी काय शिवतेय ते येणारेजाणारे बघायचे."

लिफ्टवाल्यांनी मान खाली घातली. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. शब्द शोधत राहिले आणि सापडले ते भलतेच. "स्वयंपाकघराचा हिरवा रंग?"

"ठीक."

"हे घर?"

"घर चांगलं आहे."

"आणि..." त्यांनी घसा साफ केला. "मी?"

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि नीट विचार केला. घाईने उत्तर द्यायचं नव्हतं. "तुम्ही चांगले आहात. कोपऱ्याकोपऱ्यात ठीक."

पलीकडून मास्तरांचा खोकल्यासारखा हसण्याचा आवाज आला. लिफ्टवाले उठले, बंदूक बाजूला ठेवली आणि ड्रिल उचललं. तपासनिसाला फोन करून तारीख पुढे ढकलली. कारण विचारलं तर म्हणाले, "भाषेची अडचण आली."

काढणं घालण्यापेक्षा किचकट. चुकीचं भोक मोठं झालं की जाडा रिव्हेट लागतो, आणि एका जागी फासळीच चिरली, तर ती नवीन करावी लागली. लिफ्टवाले मधूनमधून वैतागायचे, पेटीला लाथ मारायचे, आणि मग पाय चोळत बसायचे. पण एक फरक पडला. "कसा?" विचारल्यावर ते आता थांबायचे. काकू सांगायच्या, "थोडा खिडकीकडे कललाय, पण बटण भरलंय. मला विचाराल तर राहू द्या." किंवा, "हा मला आवडला नाही. कारण माहीत नाही, पण आवडला नाही." न आवडलेला काढला की दहातले नऊ खरंच वाईट निघायचे. दहावा चांगला निघाला की लिफ्टवाले तो हातात धरून एखाद्या निरपराध माणसासारखा काकूंना दाखवायचे.

तपासनीस आला, टॉर्च घेऊन प्रत्येक कोपऱ्यात शिरला आणि एका केबलची पट्टी बदलायला लावून गेला. पंख बंद झाले. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी पुन्हा बराच वेळ ऐकलं, काही गोळ्या दिल्या आणि सही केली. समोरच्या खोलीची भिंत पाडून तिथे रस्त्याकडे काचेची मोठी खिडकी बसवली, ती मात्र विमानाच्या आधी पुरी झाली. लिफ्टवाल्यांनी आधी विचारलं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत उभे राहिले होते. उत्तर लांबलचक होतं. त्यात खिडकीची उंची, पायरी आणि दिव्याची जागासुद्धा होती.

नवीन विमान आधी एकट्याने बरेच तास उडवावं लागतं, तसा नियमच आहे. ते तास काकूंनी धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून काढले. पहिल्या दिवशी विमान वर गेलं तेव्हा खुर्चीवर बसायचंही त्यांना सुचलं नाही. ओठ हलत होते पण काय म्हणत होत्या ते त्यांनाही ठाऊक नाही. विमान उतरलं, लिफ्टवाले बाहेर आले आणि धावपट्टीवर उभे राहून लहान मुलासारखे हसले. तळाच्या खड्ड्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाचं तसं हसणं काकूंनी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग ते तास संपले. एका शांत सकाळी लिफ्टवाल्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचं कापड काढलं आणि काकूंकडे वळले.

"येणार?"

आणि थांबले. इंजिन बंद होतं. वारा नव्हता. काकूंनी त्या खुर्चीकडे बघितलं, मग पंखाकडे, मग आभाळाकडे.

"मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "आणि मला यायचंय."

"दोन्ही?"

"दोन्ही. एकदम."

"मग आज नको. अजून थोडे दिवस..."

"भीती तेव्हाही वाटेल. आज चला."

लिफ्टवाल्यांनी हात दिला. पट्टा घट्ट केला, त्यांच्या कानांवर हेडफोन बसवला, समोरचं झाकण ओढलं. धावपट्टी मागे पळायला लागली, खडखड वाढत गेली आणि एकदम थांबली, कारण खाली जमीन नव्हती. काकूंनी एक लांब श्वास घेतला आणि बोलायला सुरुवात केली. वळताना इतकं तिरकं करू नका, पोटात कसंतरी होतं. नाही, करा, आता बरं वाटतंय. ती नदी इतकी वाकडी आहे हे कधी कळलंच नाही. ते निळं छप्पर कोणाचं? आपलं घर कुठे? उजवीकडे घ्या. अजून. तो पंख हलतोय तो तसा हलायलाच हवा ना? ते ढग जवळून मळकट दिसतात. मला आणखी वर जायचंय. नाही, थांबा, एवढंच बास. मला हे सगळं फार आवडलंय.

घशाला कोरड पडली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की चाकं सुटल्यापासून आपण एकट्याच बोलतोय, आणि शेजारून हूं की चूं नाही.

"अहो, ऐकू येतंय ना तुम्हाला?"

लिफ्टवाल्यांनी समोरची नजर न हलवता मान डोलावली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"शब्द न् शब्द," ते म्हणाले. "बोल तू."