मोघे बालीत अडकले तेव्हा

सलिल मोघे यांना बाली बेटाची माहिती तोंडपाठ होती आणि ती सांगून सांगून त्यांचा जीव विटला होता.

पुण्यातल्या एका सहल कंपनीत ते टूर मॅनेजर होते. वय चौपन्न. सुरुवातीची वर्षं चारधाम आणि केरळ केलं, मग सिंगापूर, आणि पुढे कंपनीनं बाली त्यांच्या गळ्यात बांधलं ते कायमचंच. विमानतळावरून बस निघाली की मोघे पुढे उभे राहायचे, माइकवर फुंकर मारायचे आणि सुरू करायचे, "मंडळी, हे अख्खं बेट ज्वालामुखींनी घडवलंय." बोलताना ते खिडकीबाहेर बघत नसत. तोंड चालू असायचं आणि डोक्यात खोल्यांच्या चाव्या, कुणाची न आलेली बॅग, कुणाचं बिनकांद्याचं जेवण.

त्यांची माहिती सहलीइतकीच, सहा दिवसांची होती. पहिल्या दिवशी नावांची गंमत. तिथे मुलांची नावं जन्माच्या क्रमानं ठेवतात. पहिलं वायान, दुसरं माडे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, आणि पाचवं झालं की पुन्हा वायान. "आपला ड्रायव्हर केतुत. म्हणजे चौथा!" यावर बस दर वेळी हसायची. दुसऱ्या दिवशी काळ्या वाळूचा किनारा. तिसऱ्या दिवशी बातूर पर्वत, त्याच्या पोटातलं तळं, आणि डोंगरातल्या वाफेवर उकडली जाणारी अंडी. चौथ्या दिवशी न्येपी. शक संवत्सराचा तो पहिला दिवस, आपल्या पाडव्याच्या सुमारास येतो. त्या दिवशी अख्खं बेट गप्प असतं, दिवे लावत नाहीत, रस्त्यावर कुणी येत नाही, विमानतळसुद्धा बंद. हे ऐकून कुणीतरी हमखास म्हणायचं, "लक्ष्मी रोडला एक दिवस हे करून दाखवा." त्यावरही बस हसायची. मोघेही हसायचे, कारण ते कामाचाच भाग होतं.

त्या नोव्हेंबरातली सहल त्यांना नकोच होती. मुलीचा, तनयाचा, साखरपुडा रविवारी संध्याकाळी होता. पण दुसरा माणूस आजारी पडला आणि कंपनीनं मोघ्यांना फोन केला. शुक्रवारी सगळे परत येणार होते, म्हणजे मध्ये दोन दिवस मोकळे. वाघोलीच्या फ्लॅटमध्ये बॅग भरताना बायकोनं, भाग्यश्रीनं, विचारलं, "शुक्रवारी येताय ना नक्की?"

"तिकीट आहे ना, भाग्यश्री."

"तिकिटाचं नाही विचारत. तुमचं विचारतेय."

सहलीत बद्रीनाथ ताकवले नावाचे एक गृहस्थ होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, बरोबर पत्नी सुंदराबाई. ताकवल्यांना काहीच पसंत पडत नव्हतं. चहा गोड आहे, गादी मऊ आहे, देवळात देव कुठाय? मोघ्यांनी बसमध्ये सांगितलं की आपलं पुणंही लाव्हाच्या थरांवरच उभं आहे, फक्त तो निवून साडेसहा कोटी वर्षं झाली. ताकवले मागून म्हणाले, "म्हणजे गार ज्वालामुखीवर राहणारी माणसं गरम ज्वालामुखी बघायला आली. बरं झालं सांगितलंत. घरीच बसलो असतो." सुंदराबाई त्यांच्या उलट. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मोघ्यांकडून तनयाचं सगळं काढून घेतलं होतं. मुलगा काय करतो, साखरपुडा कुठे, साडी कसली.

गुरुवारी दुपारी बातमी आली. पूर्वेला शेकडो किलोमीटरवर फ्लोरेस नावाचं बेट आहे, तिथला ज्वालामुखी उसळला होता. राखेचा लोट आभाळात चढला आणि वाऱ्यानं पश्चिमेकडे सरकला. शुक्रवारी सकाळी विमानतळावर पोहोचले तर फलकावर एकामागून एक उड्डाणं रद्द.

बाहेर स्वच्छ ऊन होतं.

"कुठाय राख?" ताकवल्यांनी विचारलं. "मला तरी दिसत नाही."

"वर आहे, काका. ती राख म्हणजे दगडाची बारीक पूड असते. विमानाच्या इंजिनात गेली तर उष्णतेनं वितळते आणि आत काचेसारखी चिकटून बसते. इंजिन बंद पडू शकतं."

"हे तुम्हाला सहा दिवसांत सांगता आलं नाही?"

माणसं फरशीवर चादरी पसरून बसली होती, मुलं रडत होती. मोघे एका काउंटरवरून दुसऱ्याकडे फिरत राहिले. गुडघा ठणकत होता. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना पुन्हा हॉटेलात आणलं आणि जेवणाच्या वेळी उभं राहून नेमकं काय झालंय ते सांगितलं. कुणी ओरडलं नाही. उलट सुंदराबाई म्हणाल्या, "मोघे, पहिली जागा निघेल ती तुम्ही घ्या. लेकीचा साखरपुडा आहे. आम्ही काय लहान आहोत? तो केतुत आहे की आमच्याकडे बघायला." सगळ्यांनी माना डोलावल्या. ताकवल्यांनीसुद्धा.

मोघ्यांनी आधी नाही म्हटलं. मग कंपनीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही तिथे आहात, तुम्हीच ठरवा." मोघ्यांनी ठरवलं. जायचं. इतक्या वर्षांत स्वतःसाठी त्यांनी तिथे पहिल्यांदाच काही मागितलं.

शनिवारी राख थोडी विरळ झाली, मोजकी विमानं सुटणार होती, आणि सकाळी विमान कंपनीचा निरोप आला. दुपारी सिंगापूरमार्गे मुंबईला जाणाऱ्या विमानात दोन जागा आहेत. मध्यरात्रीनंतर मुंबई, पहाटे पुणे. मोघ्यांनी एका जागेवर आपलं नाव दिलं. दुसरी कुणाला द्यायची यावर नाश्त्याच्या टेबलावर बोलणं चाललं असताना ताकवल्यांचा फोन वाजला.

पुण्याहून पुतण्या बोलत होता. ताकवल्यांचा मोठा भाऊ दवाखान्यात होता आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. ताकवल्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि समोरच्या पपईच्या फोडी काट्यानं एका रेषेत लावत बसले. सुंदराबाईंनीच मोघ्यांना सांगितलं. "ह्यांना वडील आठवत नाहीत," त्या म्हणाल्या. "भावानंच वाढवलं."

मोघे उठून बाहेर गेले. हॉटेलच्या पायरीवर सकाळचा नैवेद्य ठेवलेला होता, नारळाच्या पात्याच्या द्रोणात फुलं आणि भाताची चार शितं. तो ओलांडून ते थोडा वेळ उन्हात उभे राहिले. तनयाचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता, तो त्यांनी येऊ दिला नाही. मग विमान कंपनीला फोन करून आपलं नाव काढलं आणि दोन्ही जागा ताकवले नवराबायकोच्या नावावर करून घेतल्या.

"ही जागा तुमची आहे," ताकवले म्हणाले.

"होती. आवरा लवकर. बस लावलीय."

"तुम्ही जा, मी मागून येतो असं मी म्हणणार नाही, मोघे. मला जायचंय."

"म्हणूनच तर."

निघताना मोघ्यांनी सुंदराबाईंच्या हाती एक पुडी दिली. बालीत सेलुक नावाचं चांदीकाम करणाऱ्यांचं गाव आहे, तिथून तनयासाठी घेतलेले कानातले होते. "रविवारी संध्याकाळच्या आत घरी पोहोचले तर बघा," म्हणाले.

मग त्यांनी घरी फोन केला. "जागाच नाहीये," ते भाग्यश्रीला म्हणाले. "कुणालाच मिळत नाहीये." मग ती म्हणाली, "गुरुजींना निरोप देते. विधीला दिरांना बसवावं लागेल."

उरलेल्या मंडळींना घेऊन दिवस कसा काढायचा, हे मोघ्यांना सुचेना. त्यांची माहिती संपली होती. केतुतनं ते ओळखलं आणि सगळ्यांना आपल्या गावी नेलं. गाव आगुंग पर्वताच्या उताराला होतं. अंगणात केतुतची आई बसली होती, दात नसलेली, डोळे तरतरीत. आगुंगची माहिती मोघे चार वाक्यांत सांगत. एकोणीसशे त्रेसष्टचा स्फोट, हजाराहून जास्त माणसं गेली, बेसाकीचं मोठं देऊळ मात्र लाव्हारसातून वाचलं. त्या दिवशी ते बोलले नाहीत. म्हातारी बोलत होती आणि केतुत इंग्रजीत सांगत होता. ती तेव्हा लहान होती. डोंगरावर मोठा उत्सव चालला होता, शंभर वर्षांनी येणारा, म्हणून आईबाप घर सोडायला तयार नव्हते. शेवटी बापानं तिला पाठुंगळीला घेतलं आणि आईला बरोबर घेऊन धावत सुटला. डोक्यावर केळीची पानं धरली होती, तरी राख कानात, तोंडात गेली. आजी मागे राहिली. तिला आणायला म्हणून बाप परत वर गेला, आणि दोघंही आली नाहीत.

"मग पुन्हा इथेच राहायला कशाला आलात?" कुणीतरी विचारलं.

केतुतनं आईला विचारलं. ती काहीतरी म्हणाली आणि हसली. "ती म्हणते, शेत इथे आहे."

मोघे या माणसाच्या शेजारी बसमध्ये किती वर्षं बसत होते. 'चौथा' म्हणून त्याच्यावर लोकांना हसवण्यापलीकडे त्यांनी त्याला काही विचारलं नव्हतं. त्यांना त्याची लाजही वाटली नाही, इतके ते थकले होते. ते भिंतीला टेकून बसून राहिले आणि म्हातारीनं दिलेली कॉफी प्यायले.

साखरपुडा त्यांनी फोनवर पाहिला. कुणीतरी वाघोलीच्या हॉलमध्ये फोन खांबाला टेकवून ठेवला होता. अर्धा वेळ छतावरचा पंखाच दिसत होता. मध्येच तनया दिसली, हिरव्या साडीत, आणि "बाबा, दिसतंय का?" म्हणाली. "दिसतंय, छान दिसतंय," मोघे म्हणाले. मग चित्र थांबलं ते थांबलंच.

मंगळवारी विमानं पूर्ववत सुरू झाली. सगळ्यांना मुंबईत बसमध्ये बसवून, पुण्यात एकेकाला उतरवून मोघे घरी आले. भाग्यश्रीनं दार उघडलं. पाणी दिलं. मग समोर बसून म्हणाली, "ताकवले म्हणून कोण आहेत?"

मोघ्यांनी ग्लास खाली ठेवला.

"रविवारी हॉलच्या फाटकाशी उभे होते. मला बाहेर बोलावून घेतलं. म्हणाले, आत येत नाही, सुतक आहे, आज दुपारीच भावाला पोहोचवून आलो. ही पुडी मोघ्यांनी दिलीय. आणि म्हणाले, भाऊ शेवटचा श्वास घेत होता तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता, ते मोघ्यांमुळे. त्यांनी स्वतःची जागा आम्हाला दिली." भाग्यश्री थांबली. "हात जोडत होते हो ते माझ्यापुढे. आणि मी तिथे उभी राहून काय म्हणणार? तनया माझ्या मागेच होती."

"तिनं ऐकलं?"

"सगळं."

तनया खोलीतून बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशीही ती ऑफिसला जाताना त्यांच्याशी बोलली नाही. तीन-चार दिवस घरात तिघं माणसं एकमेकांना चुकवत वावरत राहिली. मोघे बहुतेक वेळ झोपून होते. झोप मात्र लागत नव्हती.

शनिवारी दुपारी ती त्यांच्या पलंगाच्या कडेला येऊन बसली.

"बाबा, तू जागा दिलीस त्याचा मला राग नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे आहे. पण तो जाईल. खोटं का बोललास?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग वाटू द्यायचं ना. तू मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, दे. रडले असते आणि म्हटलं असतं, दे. तू मला ते म्हणूच दिलं नाहीस. ते एका अनोळखी माणसानं येऊन मला फाटकात सांगितलं."

मोघे म्हणाले, "मला भीती होती, तू 'नको देऊ' म्हणशील. मग मला निघून यावं लागलं असतं. आणि मला यायचंच होतं गं."

तनयानं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं त्यांचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. दुखरा गुडघा कुठला ते तिला माहीत होतं. "काय केलंस इतके दिवस तिथे?" तिनं विचारलं.

आजवर त्यांनी शेकडो परक्या माणसांना बाली सांगितलं होतं, घरी कधी सांगितलं नव्हतं. घरी आलं की ते नाव नको वाटायचं. त्या दुपारी त्यांनी केतुतच्या आईचं सांगितलं, पाठुंगळीचं, केळीच्या पानांचं, परत वर गेलेल्या बापाचं. भाग्यश्री चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

सोमवारी मोघे मालकांना भेटले आणि म्हणाले, आता बाहेरगावची कामं नकोत. मालकांनी खूप समजावलं, बालीला तुमच्यासारखा माणूस नाही म्हणाले. मोघ्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं. आता ते ऑफिसात बसून नव्या मुलामुलींना तयार करतात. पगार कमी झाला. गुडघा तसाच आहे. केतुतचा अधूनमधून फोन येतो.

तनयाचं लग्न फेब्रुवारीत झालं. मोघे आदल्या दिवशीपासून धावत होते. पंगती उठल्यावर ते मांडवाच्या कडेला एका खुर्चीवर टेकले आणि सनई चालू असतानाच त्यांना गाढ झोप लागली. पाठवणीची वेळ झाली तेव्हा कुणीतरी त्यांना उठवायला निघालं. "पाच मिनिटं थांबा," तनया म्हणाली, आणि शालू सावरत शेजारच्या खुर्चीवर बसली.