तोप आणि डबी

आमच्या घरात दोन कॅमेरे आहेत आणि दोघांचंही बारसं माझ्या बायकोनं केलेलं आहे. लग्नाचे फोटो काढायचा माझा मोठा मिररलेस कॅमेरा म्हणजे तोप, इकडच्या हिंदीतली तोफ. तिचा स्वतःचा, मुठीत मावणारा, कोपऱ्यांवरचा चंदेरी रंग उडालेला कॅमेरा म्हणजे डबी. तोपेला वेगळी बॅग, वेगळं कपाट, लेन्सला बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या. डबी फ्रिजवर पडलेली असते, रबरबँड आणि सर्दीच्या गोळ्यांच्या शेजारी.

मी छत्तीसगडात, भिलाईत लग्नाचे फोटो काढून पोट भरतो, त्यामुळं मिठाईवाल्यानं बिस्किटाच्या पुड्याकडं पाहावं तसा मी डबीकडं पाहायचो. तिचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. मंडपातल्या उजेडात ती चेहऱ्यांचं भरीत करते. बटण दाबल्यावर आधी विचार करते, मग फोटो काढते, तोवर नवरीनं डोळे मिटलेले असतात. तोप मात्र गर्दीतून डोळा शोधून काढते, नवरी वळली तरी सोडत नाही, आणि भटजीच्या कानाशी धरली तरी आवाज करत नाही. हे मी बायकोला कितीदा तरी ऐकवलं. तिचं उत्तर ठरलेलं.

“तुमची तोप पाहून लोकं पोट आत घेतात. माझ्या डबीपुढं हासतात.”

आणि ते खरं होतं, हा खरा राग. तिच्या अल्बममधली माणसं खरोखर हसतात. मोबाईलवर तिचा विश्वास नाही, त्यातले फोटो मेसेजांच्या गर्दीत हरवतात म्हणते. डबीचं कार्ड दुकानात नेऊन कागदावर फोटो काढून आणते. आता तर भाच्या तिच्यामागं लागल्या आहेत की मामी, हा कॅमेरा आमाले दे, सध्या याचीच फॅशन आहे. मी कपाळावर हात मारून घेतला होता.

माझा गर्व कॅमेऱ्याचा नव्हता, हाताचा होता. बाबा भंडाऱ्याकडच्या गावातून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये आले आणि क्रेनवर लागले. वितळलेल्या लोखंडानं भरलेली, खोलीएवढी बादली वरून न्यायची आणि खाली माणसं काम करत असायची. “हात हालला का माणूस गेला,” असं ते जेवताना सहज बोलायचे, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. त्यांचा हात माझ्यात उतरला असं मी धरून चाललो. धंद्यातले इतर लोक कॅमेऱ्याखाली काठी लावतात, लग्न लांबलं की टेकायला खांब शोधतात. मी कधी काही लावलं नाही, आणि लावणाऱ्यांची टिंगल करायला कमी केलं नाही.

मराठी लग्नात माझा एक क्षण ठरलेला आहे. शेवटच्या मंगलाष्टकाचं शेवटचं ‘सावधान’ आलं की मी श्वास धरतो. अंतरपाट खाली येतो आणि दोघं एकमेकांकडं बघतात. तेवढ्यात अक्षता हवेत असायला हव्यात. पण इकडं अर्धे पाहुणे हिंदीभाषक, पहिल्याच ‘सावधान’ला अख्खी मूठ उधळून मोकळे होतात. शेवटच्या वेळेला अक्षता फक्त नवरीच्या मावशा-आत्यांकडं उरतात. म्हणून त्या कुठं उभ्या आहेत हे मी आधीच हेरून ठेवतो. श्वास धरून, कोपर बरगडीला टेकवून काढलेला तो फोटो कधी हलला नाही. त्या एका फोटोवर मी या गावात नाव कमावलं.

यंदा रुआबांध्याला माझ्या साळ्याच्या नातवाचं बारसं होतं. घरच्या कार्यात तोप आणायची नाही, हा बायकोचा कायदा. आणली की मी पाहुणा राहत नाही, फोटोवाला होतो, जेवायलाही शेवटी बसतो. तर तिनं पाळण्यापाशी डबी माझ्या हातात दिली आणि स्वतः नाव ठेवायच्या गडबडीत शिरली. बाळाच्या आजीनं आधीच बजावलं होतं, “लायटी मारू नका जी त्याच्या डोळ्यावर.” मी फ्लॅश बंद केला. ट्यूबलाइटच्या उजेडात बरेच फोटो काढले, काही मधूनमधून बायकोनंही काढले.

घरी आल्यावर कार्ड कॉम्प्युटरला लावलं. माझा प्रत्येक फोटो हललेला. पाळणा दुहेरी, आत्याबाईचं नाक दुहेरी, बाळ तर नुसता धूर. मधेच बायकोचा एखादा फोटो यायचा तो स्वच्छ, बाळाच्या पापण्या मोजाव्यात इतका.

“कावून हो, एवढे नावाजलेले फोटोग्राफर तुम्ही?” तिला हसू आवरेना. “नाचता येईना अंगण वाकडं!”

मी म्हटलं, तुझ्या डबीचं बटण जड आहे. बॅटरी म्हातारी झाली आहे. जे सुचलं ते बोललो. पण बटण जड असेल तर तिलाही जड असायला हवं होतं, हे मला बोलतानाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी तोप काढली. या कॅमेऱ्याच्या पोटात, डबीत नसलेली, अशी सोय असते की हात डावीकडं हलला तर आतला सेन्सर स्वतःच सरकून ते हलणं खाऊन टाकतो. घेतल्या दिवसापासून मी ती सोय कधी बंद केली नव्हती. कशाला करायची? त्या दिवशी बंद केली. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो, कोपर बरगडीला लावलं, श्वास धरला आणि फोटो काढला. तारखा एकमेकांवर चढलेल्या. परत काढला, तसाच. सोय चालू केली तर एकादशीची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. बंद केली की पुन्हा सगळं कालवलेलं. मी किती वेळ ते चालू-बंद करत बसलो होतो कुणास ठाऊक. रडू येत नव्हतं, नुसती भीती वाटत होती. ज्या तोपेची मी पूजा केली तिनं मला बनवलं होतं आणि ज्या डबीला मी हसलो तिनं तोंडावर खरं सांगितलं होतं.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. बशीत सांडणारा चहा. लेन्सचं झाकण बसवताना चुकणारा हात. सदऱ्याच्या वरच्या बटणावरून मी शिंप्याला घातलेल्या शिव्या.

आमच्या रिसालीतल्या दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल या भीतीनं मी दुर्गच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी मला बोटं मिटायला-उघडायला लावली, चालायला लावलं, आणखीही तपासण्या करून आणायला लावल्या. कंपवात, म्हणाले. गोळ्यांनी बरं वाटेल, पण हे हळूहळू वाढत जाणारं आहे. मी विचारलं, कॅमेरा धरता येईल का. “अभी काम चल रहा है ना? चलने दीजिए,” असं म्हणून ते कागदावर लिहू लागले. मला त्या ‘अभी’चा इतका संताप आला की गोळ्या न घेताच निघालो होतो. अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो.

बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला लग्नांना जाऊ दिलं नसतं, आणि लग्नांना गेलो नाही तर मी घरात करायचं काय? मला दुसरं काही येत नाही. दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नाही. गोळ्या मी तोपेच्या बॅगेत ठेवल्या, तिथं ती कधी हात घालत नाही.

त्यानंतर वैशाली नगरात एक लग्न केलं. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि पहिल्यांदाच मला दिसलं की श्वास धरल्यावर हात थांबत नाही, उलट जास्त हलतो. तोपेच्या आत मात्र नवरी शांत उभी होती, दगडी मूर्तीसारखी. अंतरपाट पडला, अक्षता उडाल्या, मी बटण दाबलं. फोटो देखणा आला. नवरीचा भाऊ पडद्यावर बघून म्हणाला, “क्या हाथ है भैया आपका!” मी मान डोलावली आणि मंडपामागं जाऊन खुर्च्यांच्या ढिगावर बसलो. त्या फोटोत माझं काही नव्हतं. कॅमेऱ्याची सोयही एका मर्यादेपर्यंतच चालते, हात त्यापलीकडं गेला की तीही हात टेकणार. ते कुठल्यातरी परक्या मंडपात, कुणाच्यातरी लेकीच्या त्या एका क्षणाला होणार, आणि तो क्षण काही परत घेता येत नसतो. पुढच्या लग्नाला नाही म्हणावं असं रोज ठरवतो. फोन आला की हो म्हणतो. माझ्यासारखा नीच मीच.

दिवाळीला पुण्याच्या लेकीनं माझ्यासाठी कुर्ता पाठवला आणि घातलेला फोटो मागितला. दुपारी बायकोनं मला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. चष्म्यावर उजेड चमकतो म्हणून फ्लॅश बंद केला, दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर कोपरं टेकवली आणि डबी डोळ्यांपुढं धरली.

“हालू नका.”

बटण दाबून तिनं पाहिलं. “चेहरा मस्त आला. कुर्ता बी. हात हालला तुमचा. आणखी एक काढतो.”

मी उजवा हात मांडीखाली दाबला.

“असा कावून बसले? लेकीले वाटंल बाबा रुसले. हात वर ठेवा, मांडीवर. हां. हालू नका आता.”

मी हात मांडीवर ठेवला आणि जीव खाऊन त्याच्याकडं बघत राहिलो. पुन्हा तेच झालं. ती पुन्हा म्हणाली, हालू नका. त्यानंतर तिनं आणखी एक फोटो काढला, आणि या वेळी पडद्यावर मोठा करून पाहिला. मीही मान पुढं करून पाहिलं. खुर्ची स्वच्छ होती, माझा चेहरा, चष्मा, कुर्त्यावरची नक्षी, सगळं स्वच्छ होतं. मनगटाच्या पुढं हात नव्हता, पुसल्यासारखं काहीतरी होतं.

तिनं डबी बंद केली. माझ्याकडं न बघता विचारलं, “कवापासून?”

हे मलाही जाणून घ्यायचं होतं. गेल्या कित्येक लग्नांचे फोटो मी कॉम्प्युटरवर मागं मागं जात चाळले होते, हात कुठं हलायला लागला ते शोधत. एकही फोटो हललेला नव्हता.

“मले नाही माहीत,” मी म्हटलं.