जांभळ्या फुलांचं तळं

हे मी पोटच्या लेकीलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय— कोण जाणे. बसा जरा.

आमचं गाव निपाणीहून सदलग्याकडं जाताना लागतं. घराच्या उंबऱ्यातून तळं दिसतं. तळं म्हणायचं, पण पाणी कुठं दिसतंय? सकाळी धुकं उतरतं आणि त्यात नुसती जांभळी फुलं, या काठापासून त्या काठापर्यंत. वाटतं, आभाळच खाली येऊन निजलंय. परगावची माणसं गाडी थांबवून फोटो काढतात. मी आत जाते.

ते फूल पहिल्यांदा पाहिलं थोरल्या बहिणीच्या गावी, नदीकाठाला. पाकळीवर मोरपिसातल्या डोळ्यासारखा ठिपका. देठ फुगीर, बोटानं दाबलं तर उशीसारखा. जलपर्णी म्हणतात तिला, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? जेवणाच्या डब्यात पाणी घालून एक रोप आणलं, दारातल्या घंगाळात सोडलं. बघता बघता घंगाळ भरलं. त्या साली गौरीला मी त्या फुलांची आरास केली. गल्लीतल्या बाया बघतच राहिल्या. "आक्का, कुठनं आणलं गं ह्ये?" मी नुसती हसले. हौस हो— दुसरं काय?

विसर्जनाला तेरड्याच्या डहाळ्यांबरोबर ती रोपंही टोपलीत घातली, मुळांसकट. जिवंत रोप उकिरड्यावर कसं टाकायचं? देवीसंगं जाऊ दे तळ्यात, म्हटलं. गौरी बुडाली. रोपं तरंगत, डुलत, मधोमध गेली.

एवढंच असतं तर तुम्हाला बसवून घेतलं नसतं.

वर्ष फिरायच्या आत तळं झाकलं. उसाच्या रानातलं खत वाहून तळ्यात येतं, त्यावर ती माजली. खाली ऊन पोचेना. कमळं गेली. पाखरं यायची थांबली. एका पहाटे पानांच्या फटीत मासे तोंड वर काढून, आ वासून... पाण्यात राहून गुदमरणारे मासे बघितलेत कधी तुम्ही?

त्या तळ्यावर जगणारं घर एकच, शिवाप्पा भोयाचं. त्याची बायको सुंदरा माझी मैत्रीण. मासे विकून परतताना मूठभर माझ्या ताटलीत टाकायची, पाणी पिऊन जायची. गाव म्हणालं, शिवाप्पानंच आणली ही पीडा— दुसऱ्या नदीतली जाळी न धुता इथं टाकली. देवळापुढं बैठक बसली. तो बिचारा गळ्याला हात लावून सांगत होता, "आईच्यान, म्या न्हाय आणली!" ऐकतंय कोण? तेवढ्यात गल्लीतल्या एकीनं मला विचारलं, "आक्का, तुमच्या घंगाळात असलंच फूल होतं न्हवं?"

सगळे माझ्याकडं वळले. सुंदरासुद्धा.

"न्हाय गं. त्ये येगळं."

एवढंच बोलले मी. घरी आले, उरलेली रोपं घरामागच्या परड्यात पुरली आणि घंगाळ पालथं घातलं.

गावानं शिवाप्पाकडनं तळ्यातल्या मासेमारीचा मक्ता काढून घेतला. नाहीतरी मासे कुठं उरले होते— असं मी मनाशी म्हणत असते. पण त्याच्या नावाला लागलेला डाग, तो माशांबरोबर मेला का? ती दोघं चिकोडीला गेली. जायच्या आधी सुंदरा आली, त्याच पालथ्या घंगाळावर टेकली. तळ्याकडं बघत म्हणाली, "मुडदा बशिवला त्या फुलांचा! पर दिसत्यात लई देखणी, न्हाय गं?"

"व्हय," म्हटलं मी.

भाचा सांगतो, ही सातासमुद्रापलीकडची वनस्पती. लोकांनी फुलाच्या हौसेनं जागोजागी नेली आणि जगभरची तळी, नद्या अशाच गुदमरल्या. म्हणजे माझ्यासारख्या पुष्कळ? ऐकून घटकाभर बरं वाटलं. तेही सांगून टाकते. इथं दरसाल मशीन येतं, ढीगच्या ढीग काढतं. ती परत पसरते.

मागं चिकोडीच्या बाजारात शिवाप्पा दिसला. दुसऱ्याच्या गाड्यावर केळी विकत होता. मोजून झाल्यावर वर आणखी दोन माझ्या पिशवीत टाकली. "ऱ्हाऊ द्या वो, गावाकडचं माणूस." मग विचारलं, "तळं कसं हाय, आक्का?"

"हाय तसंच," म्हटलं. पिशवी उचलली आणि एसटी धरली.

आज फुलं जरा जास्तच उमललीत. मला ती अजून आवडतात.