दोनशे केबीच्या आत

त्या दुपारी अकोल्याच्या डॉक्टरांचा निरोप आला. टाक्यांचा स्पष्ट फोटो पाचच्या आत दवाखान्याच्या वेबसाइटवर टाका. तो पाहून ठरवू, आजच निघायचं की गोळ्यांवर भागेल. बायकोच्या छातीचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, आणि सकाळपासून टाक्यांची एक बाजू लाल होऊन चिघळत होती. फोटो मी काढला. तो चार एमबीचा निघाला आणि वेबसाइट दोनशे केबीच्या वरचं काही घेईना.

मागच्यासारखा सेंटरवरून लहान करून आणा, असं ती म्हणाली. मी जागचा हललो नाही.

मागे, ऑपरेशनच्या आधी, छातीचे असेच चार फोटो पाठवायचे होते. नांदुऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक सेंटर आहे, तिथे मी फोन दिला. चालवणाऱ्याने मान खाली घालून ते लहान करून पाठवले. आठवड्याने मी मुलीचं हॉल तिकीट छापायला गेलो. ते शोधायला त्याने डाउनलोडचं फोल्डर उघडलं, तर सातबारे आणि आधार कार्डांच्या मधोमध ते चार चौकोन. माझ्या मागे दोन माणसं उभी होती. फोटोंत चेहरा नव्हता, पण खाली आमच्या पलंगावरची हिरव्या फुलांची चादर होती. पुसा म्हटलं असतं तर ते कोणाचे, हे मागच्या दोघांनाही कळलं असतं. म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. हॉल तिकीट घेऊन घरी आलो. पुन्हा गेलो नाही, घरी सांगितलंही नाही.

मी शाळेत क्लार्क आहे. विद्यार्थ्यांचे फोटो लहान करताना मला इंटरनेटवर एक पान सापडलं होतं. त्यात फोटो ब्राउझरमध्येच लहान होतो, कुठे पाठवावा लागत नाही. तेच फोनवर उघडलं. तिचा विश्वास बसेना. इंटरनेटवर गेलेलं कोणीही पाहील, असं ती म्हणत राहिली. मग मी पान उघडं ठेवून तिच्यासमोर फ्लाइट मोड लावला. वायफाय, डेटा, सगळं बंद. तरीही फोटो लहान झाला. पण फार झाला. टाक्यांची लाली नुसता डाग दिसायला लागली. पानावरची दर्जाची पट्टी सरकवून तो वाढवला तर दोनशे चाळीस केबी. घड्याळात सव्वाचार झाले होते.

ती माझ्याकडे पाहत होती. "मले एक सांगा. मागच्या खेपेले कोनी पाह्यलं होतं का?"

मी सगळं सांगितलं. कॅलेंडरसुद्धा.

ती म्हणाली, "तुमाले तिथं लाज वाटली. माह्यासाठी नाही, तुमच्यासाठी."

तिने फोन मागितला, पट्टी कशी सरकवायची, कडा कशा कापायच्या ते विचारून घेतलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. दार लोटून घेतलं. मी ओट्यावर बसून राहिलो. आत काही आवाज नव्हता. पाचला दहा कमी असताना दार उघडलं. फोटो गेला होता. तिने तो पुन्हा, स्वतः काढला होता. माझा पुसून टाकला होता.

साडेपाचला उत्तर आलं. गोळ्या बदलल्या होत्या, उद्या ड्रेसिंगला बोलावलं होतं. तिने औषधांची नावं कागदावर लिहून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "गोया आना. आन जाता जाता तिथं जा."

सेंटरवर तिघं जण होते. मी चालवणाऱ्याला म्हणालो, "डाउनलोडमधी चार फोटो हायेत, हिरव्या चादरीचे. माह्या बायकोचे हायेत." तो खुर्चीवरून उठला आणि माउस माझ्याकडे सरकवला.